सोबत येणाऱ्याचं नातं

३ नोव्हेंबर, सोमवार

"भांडण झालं तर माहेरी जायचं नाही. सरळ माझ्याकडे यायचं." लग्नानंतर चौथ्या दिवशी सासूबाई मला हे म्हणाल्या होत्या, कपबश्या पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. मी त्यांना तेव्हापासून आई म्हणते. त्याला एकवीस वर्षं झाली.

आम्ही दोघं भांडलो मात्र कधीच नाही. न भांडताच संपलं. मार्चमध्ये कोर्टात सह्या झाल्या, ऑगस्टमध्ये त्याने दुसरं लग्न केलं, आणि आता तो नव्या बायकोबरोबर आईंच्याच घरात राहतो. म्हणजे माझ्याकडे ये म्हणणारीच्या घरी मला जाता येत नाही.

म्हणून त्यांच्या गावात खोली घेतली. खाली छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, वर मी. खिडकीतून दोन भिंतींच्या फटीत तळ्याचा एक तुकडा दिसतो, साधारण टॉवेलाएवढा. आमच्या शाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, त्यामुळे माझं ग्रंथालय दीड महिना बंद आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कुठेतरी हवापालट करून या. हवापालट!

खरं कारण आईंचा फोन. गेल्या महिन्यात आला. "डोळ्यांचं काही खरं नाही गं आता. एकतीस वर्षं संग्रहालयाच्या तिकीटखिडकीत बसले आणि वर काय आहे ते बघितलं नाही. तू दाखवशील का?"

मी म्हटलं, घरचे आहेत की.

"घरच्यांना वेळ नाही. आणि त्यांना सांगता येत नाही. तुला येतं."

मी आईंसाठी आले आहे. हे इथे लिहून ठेवते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

संग्रहालय म्हणजे जुनी जकात-कचेरी, तळ्याच्या अगदी काठावर. दगडी पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्या आहेत. आई चार नंबरच्या बसने आल्या, थांबे मोजत. मी त्यांना दीड वर्षाने बघत होते. वाळल्या आहेत. त्यांनी माझा चेहरा बघायला मान बाजूला वळवली आणि माझ्या कानामागे कुठेतरी बघत म्हणाल्या, "बारीक झालीस."

"तुम्हाला दिसतंय?"

"असं सरळ बघितलं की नाही दिसत. मधोमध कुणीतरी ओला अंगठा टेकवलाय. जिथे बघायला जावं तिथेच अंगठा. म्हणून मी जरा बाजूला बघते. मग ते आपण होऊन दिसतं."

आत जाताना एक वही असते. निवृत्त कर्मचारी आणि सोबत एक नातेवाईक, यांना शहरातली पाचही संग्रहालयं मोफत, असा आईंचा पास आहे. वहीत तारीख, नाव, सोबत येणाऱ्याचं नाव आणि मग एक रकाना: नातं. मी पेन धरून थांबले. टेबलामागचे वहीवाले आईंच्या ओळखीचे, आईंच्या शेवटच्या वर्षात नोकरीला लागलेले. त्यांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

"काय लिहिलंस?" आईंनी विचारलं.

"अजून काही नाही."

"सून लिही. ठळक लिही, याला चष्मा आहे."

मी लिहिलं. दोन अक्षरं तीनदा गिरवली, याचं आता मला हसू येतंय. येत नाहीये खरं तर.

मी त्यांना विचारलं, इतकी वर्षं इथे असून वर कसं गेला नाहीत? म्हणाल्या, खिडकी उघडायची तेव्हा दालनं उघडायची, बंद व्हायची तेव्हा बंद. सोमवारी सगळंच बंद. "आणि दाराशी बसणाऱ्याला आत काय आहे याची घाई नसते. उद्या बघू, उद्या बघू. एकतीस वर्षांचे उद्या झाले."

पण त्यांना सगळ्या खोल्या ठाऊक आहेत, बाहेर पडणाऱ्यांच्या बोलण्यावरून. "तीन नंबरमधून लहान पोरं रडत बाहेर यायची. तिथे काहीतरी दातवालं असणार." होतं. तळ्यात सापडलेल्या एका राक्षसी माशाचा जबडा, माझ्या दोन हातांएवढा. मी म्हटलं, छान जतन केलाय.

"छान सांगू नकोस. काय आहे ते सांग. छान की नाही ते माझं मी ठरवीन."

मग मी दात मोजले, ते आत कसे वळलेत ते सांगितलं, एक तुटलाय आणि तिथे कुणीतरी लाकडाचा बसवलाय तेही.

"लाकडाचा? हे आमच्या दंतवैद्य बाईंना दाखवायला हवं," आई म्हणाल्या. आणि मग लगेच, "तुला वाईट वाटलं का? मी बोलून गेले."

दंतवैद्य बाई म्हणजे त्याची नवी बायको. आईंच्या दातांसाठी तो इकडे सारखा यायला लागला होता. दात दाखवायची पहिली अपॉइंटमेंट मीच घेऊन दिली होती, फोनवर. आई त्याबद्दल एकच वाक्य बोलतात: "माझी कवळी बसली आणि तुझा संसार उठला." आज पुन्हा बोलल्या. आम्ही दोघी माशासमोर उभ्या राहून इतक्या हसलो की पहारेकरी आत डोकावून गेला.

८ नोव्हेंबर, शनिवार

धाकट्या बहिणीचा फोन. "लोक नवऱ्याला विसरायला गाव सोडतात. तू त्याच्याच गावात भाड्याने खोली घेतलीस."

मी म्हटलं, मी आईंसाठी आलेय.

"घटस्फोट घेतलास ना? मग सासूचाही झाला. पॅकेजमध्ये असतं ते."

"माझ्या कागदात सासूचं नाव नव्हतं."

मग म्हणाली, जेवतेस ना वेळेवर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज नावांचं दालन झालं, म्हणजे होड्यांचं. जुन्या होड्या छताला उलट्या टांगल्या आहेत. आई खुर्चीवर मान मागे टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "हे बरं आहे. आपण तळाशी बसलोय आणि लोक वरून चाललेत."

सकाळी मी निळा स्वेटर घातला होता. थंडी होती म्हणून. पायऱ्यांवर भेटताच आईंनी बाही चाचपली. "हा त्याने आणलेला ना?"

"रंग दिसला तुम्हाला?"

"कडेकडेने दिसतो. आज तो मला सोडायला येणार होता, असं मी फोनवर म्हणाले होते, नाही का. नाही आला. काम निघालं."

मी म्हटलं, माझ्या लक्षातही नव्हतं.

परतताना बसमध्ये मी सहज विचारलं, घरी सगळे कसे आहेत. आई म्हणाल्या, ठीक. मी विचारलं, त्याचा गुडघा? म्हणाल्या, बरा. मी विचारलं, सकाळी चालायला जातो का अजून? तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि बस थांबेपर्यंत काढला नाही.

मी कोपऱ्यापर्यंतच जाते. तिथून त्या फाटकाच्या कडीपर्यंत हात लावत लावत जातात, मी बघत उभी राहते. पडदे बदललेत. पिवळे लावलेत, घरात ऊन नसताना ऊन आहे असं वाटावं तसे. चांगले दिसतात. मला ती बाई नीट नावडतही नाही, हा माझा आणखी एक पराभव.

त्याला मी इथे आल्याचं आईंनी सांगितलं असणारच. तरी त्याने विचारपूस केली नाही. अवघडत असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज एकटीच संग्रहालयात गेले. दुमजल्यावरची सात नंबरची खोली आधी बघून ठेवावी, म्हणजे गुरुवारी आईंना नीट सांगता येईल, असा विचार होता. आई ती खोली राखून ठेवत आहेत. "सात नंबरमधून पुरुष गप्प बाहेर यायचे आणि बायका बोलत सुटायच्या. तिथे एक बाई आहे म्हणे चित्रात. ते शेवटी बघू."

पण वर गेलेच नाही. खाली पोस्टकार्डांच्या फिरत्या स्टँडपाशी उभी होते आणि दारातून ते तिघं आले. तो, त्या, आणि मधे आई.

मी स्टँडमागे गेले. सेहेचाळीस वर्षांची बाई, पोस्टकार्डांमागे लपलेली. त्याने केस बारीक कापलेत. वहीपाशी थांबले, दंतवैद्य बाईंनी काहीतरी लिहिलं, आईंचा पास दाखवला, त्याने स्वतःचं तिकीट काढलं. मग एक नंबरच्या खोलीत गेले. त्या आईंचा दंड धरून सांगत होत्या: "हे भांडं आहे, आई. खूप जुनं आहे. छान आहे." आणि आई म्हणत होत्या, "हो का? अरे वा." ज्या रांजणाच्या पोटावरच्या बोटांच्या ठशांवरून मी त्यांचा हात काचेबाहेरून फिरवला होता, त्याच रांजणासमोर. जणू पहिल्यांदाच बघतायत.

ते बाहेर येताना आईंनी एकदा माझ्या दिशेने मान वळवली. पण त्यांची नजर माझ्या शेजारच्या खांबावर होती, म्हणजे मी दिसले नसणार. नशीब.

घरी येऊन मी खूप रडले. तो दिसला म्हणून नाही. तो रांजण माझा होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज मी फुरंगटूनच गेले होते. आई पायऱ्यांवर आधीच येऊन बसल्या होत्या. "आज सात नंबर," म्हणाल्या.

"का? शेवटी बघायची होती ना?"

"शेवट आपल्याला विचारून येतो का? चल."

वहीत मी नाव लिहिलं. वहीवाल्यांनी आधीची पानं मागे उलटली, पुढे उलटली, चष्मा कपाळावर नेला. "आजी, ते रविवारी..."

"रविवारचं रविवारी," आई म्हणाल्या. "लिहू दे तिला. लिहिलंस? सून?"

"लिहिलं."

"ठळक?"

"हो, आई."

सात नंबरची खोली लहान आहे. एकच चित्र, एकच बाक. चित्रातली बाई दारात उभी आहे. दार तिने कमरेने धरून ठेवलंय, कारण दोन्ही हातांत घडी घातलेलं अंथरूण आहे, हनुवटीपर्यंत. बाहेर कुणीतरी आहे. त्याची फक्त उंबऱ्यावर पडलेली सावली आणि एक बूट दिसतो. बाकी भिंत. मी हे सगळं सांगितलं. आईंनी मान वळवून चौकटीच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत ऐकलं.

"चेहरा कसा आहे?"

"थकलेला. पण डोळ्यांत एक... वाट बघून झाल्यासारखं. तो परत आलाय, आई. ती अंथरूण घालायला निघालीये."

"तो? तुला काय माहीत, बूट बाईचाही असेल."

"मोठा आहे."

"बरं. टोक कुणीकडे आहे बुटाचं?"

मी बघितलं. मी पुन्हा बघितलं. टोक बाहेरच्या बाजूला होतं.

"आत," मी म्हटलं.

पहारेकऱ्याच्या बुटांचा आवाज लांबून आला आणि गेला. मग आई म्हणाल्या, "खिडकीपाशी बायका यावरून भांडायच्या. अर्ध्या म्हणायच्या येतोय, अर्ध्या म्हणायच्या जातोय. मी आपली शिल्लक तिकिटं मोजत ऐकायचे. मला कधी प्रश्नच पडला नाही. मला वाटायचं, जो काही असेल तो, दार धरून कंबर दुखत असेल त्या बाईची. लावून का घेत नाही?"

मी रविवारचं काढलं. म्हटलं, तुम्ही त्यांच्याबरोबर आला होतात. एक नंबरमध्ये.

"हो. ती म्हणाली म्हणून. ती चांगली आहे गं. तिला वाटतं, म्हातारीचं करावं. करू द्यावं माणसाला."

"मग मी कशाला हवी?"

"तू मला माझं करायला नको आहेस," आई म्हणाल्या. "तू मला हवी आहेस."

बस येईपर्यंत आम्ही हात धरून बसलो. मी बुटाबद्दल खोटं का बोलले, ते मला कळलेलं नाही. त्यांना तेवढं दिसलं नसणार, एवढंच बरं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

त्याचा फोन आला.

फोनवर नाव बघितलं आणि मी आधी केस नीट केले. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

"तू इथे आहेस?"

"हो. तीन आठवडे झाले."

"आणि आईला भेटतेस. चोरून."

"चोरून? मला वाटलं, तुला माहीत आहे."

"ती म्हणते, जुन्या मैत्रिणीबरोबर जाते. तिकीटखिडकीतल्या. मी तिला दर गुरुवारी विचारतो, मजा आली का, तुझी मैत्रीण काय म्हणते. ती म्हणते, बरी आहे, जरा बारीक झालीये."

संग्रहालयाच्या कार्यालयाकडून घरी पत्र गेलंय. आईंच्या नोकरीच्या कागदांत एकच मुलगा आहे आणि वहीत एका पंधरवड्यात दोन वेगवेगळ्या सुनांच्या सह्या आहेत. दोघींनी ठळक अक्षरात 'सून' लिहिलंय. खुलासा होईपर्यंत पास बंद.

मला हसू फुटलं. त्याला नाही.

"तिने ते पत्र आधी वाचलं," तो म्हणाला. 'तिने' म्हणजे बायकोने. "तिला काय वाटलं असेल, याचा विचार केलास? त्या गावभरच्या वहीत तू स्वतःला..."

"मला आईंनी सांगितलं तसं लिहायला."

"आई शहात्तर वर्षांची आहे! तू शहात्तरची आहेस का?"

मी म्हटलं, तुला सर्दी झालीये. आवाज भरलाय. वाफ घे.

मग तो अगदी हळू म्हणाला, "हे करू नकोस. प्लीज. तू हेच करतेस." आणि त्याने फोन ठेवला.

मी काय केलं? मी फक्त वाफ घे म्हटलं.

बिचाऱ्या आई. वहीत दोन नावं आली की पकडलं जाणार, हे त्यांच्या लक्षातच आलं नसेल. वय झालं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आई येणार नाहीत हे ठाऊक असून अकरा वाजता पायऱ्यांवर जाऊन बसले. वहीवाले चहा घेऊन बाहेर आले. "माफ करा ताई. नियमच आहे. दर सोमवारी वहीचा ताळा होतो. आजींनीच सुरू केला होता तो, त्यांच्या वेळी. एक गृहस्थ दर आठवड्याला वेगळी बहीण घेऊन यायचे, त्यांना पकडलं होतं आजींनी." मी म्हटलं, माणूस विसरतो हो या वयात. ते म्हणाले, आजी? आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे जरा चमत्कारिक बघत आत गेले.

साडेअकराला चार नंबरची बस आली आणि तिच्यातून दंतवैद्य बाई उतरल्या. एकट्या. दवाखान्याचा पांढरा कोट हातावर टाकलेला. माझ्यापासून दोन पायऱ्या खाली बसल्या.

"मी भांडायला आलेले नाही," त्या म्हणाल्या. "आणि मैत्री करायलाही नाही. मला हे सगळं अजिबात आवडलेलं नाही, हे आधी सांगते."

"मलाही आवडलं नसतं," मी म्हटलं.

"मी एक नंबरमध्ये 'छान आहे, छान आहे' म्हणत होते तेव्हा त्यांनी ते आधीच बघितलेलं होतं ना?"

मी हो म्हटलं.

"मला वाटलंच. त्या फार चांगलं वागत होत्या." त्यांनी कोटाच्या खिशातून एक अर्ज काढला. यापुढे सोबत येणारी एकच व्यक्ती ठरवून द्यायची, असं कार्यालयाने कळवलंय. आईंना दिसत नाही, म्हणून त्या व्यक्तीची जबाबदारी, आणि म्हणून मुलाची संमती. अर्जावर आईंनी माझं नाव घातलंय. ओळ चुकून अक्षरं रेघेवर चढली आहेत, पण नाव माझं आहे. खाली त्यांची सही. शेजारची जागा रिकामी.

"तो करणार नाही म्हणतो," त्या म्हणाल्या. "तीन दिवस घरात हेच चाललंय. आईंनी आमच्याशी बोलणं सोडलेलं नाही, ते जास्त वाईट आहे. अगदी गोड बोलतात. मी म्हटलं, माझं नाव घाला, मी नेईन. तर म्हणाल्या, तुला दर गुरुवारी दवाखाना असतो, बाळ."

"खरं आहे ना ते?"

"खरं आहे म्हणून तर राग येतो." मग त्यांनी तळ्याकडे बघत सांगितलं की परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. उजव्या डोळ्याच्या कडाही आता आत यायला लागल्या आहेत. मार्चपर्यंत दिसेल, फार तर एप्रिल.

त्यांनी मला रडू दिलं, हात लावला नाही, त्याबद्दल मी आभारी आहे.

निघताना म्हणाल्या, "तुम्ही त्यांना चित्र कसं सांगता? मी सांगते तेव्हा त्या ऐकतात. तुम्ही सांगता तेव्हा, वहीवाले म्हणाले, हसण्याचा आवाज खालपर्यंत येतो."

मी म्हटलं, छान म्हणायचं नाही. काय आहे ते सांगायचं. आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहायचं.

त्यांनी मान हलवली. अर्ज माझ्याकडे ठेवून गेल्या. "तुम्हीच पाठवा त्याला. मी पाठवला तर ते माझं म्हणणं होईल, आणि ते माझं म्हणणं नाहीये."

३० नोव्हेंबर, रविवार

आईंचा फोन. कुणाकडून तरी नंबर लावून घेतला असणार.

"अर्ज पाठवलास?"

"नाही. तो नाही म्हणणार, आई."

"म्हणू दे."

"मग पाठवून काय उपयोग?"

"तू त्याच्याकडे कधी काही मागितलंस का गं? एकवीस वर्षांत? तो जातो म्हणाला तेव्हा जाऊ नको म्हणालीस?"

मी म्हटलं, मागून मिळालेल्याला काय अर्थ आहे.

"बरोबर. आणि न मागता कुणी 'नाही' म्हटलेलं नसतं. म्हणजे दार उघडंच. हो ना? वर्षानुवर्षं." त्यांना धाप लागली होती. "मला तो रोज नाही म्हणतो, मला काही होत नाही. मी आई आहे. तुला त्याने एकदा तोंडाने 'नाही' म्हणायला हवं."

"तुम्हाला गुरुवार हवा आहे की मला त्याचं 'नाही' ऐकवायचंय?"

"दोन्ही," आई म्हणाल्या. "मी काय एवढी साधी बाई आहे का?"

त्या काय म्हणत होत्या ते मला नीट उमगलं नाही. त्यांना गुरुवार गेल्याचं दुःख झालंय, त्यामुळे काहीतरी बोलतायत. पण फोन ठेवल्यावर मी निळा स्वेटर धुतला, वाळत टाकला, आणि वाळल्यावर बॅगेच्या तळाशी घातला.

२ डिसेंबर, मंगळवार

चार मसुदे फाडले. पहिल्यात त्याच्या तब्येतीची चौकशी होती. दुसऱ्यातही.

४ डिसेंबर, गुरुवार

मुख्याध्यापिकांशी बोलले. ग्रंथालय पंधरा तारखेला उघडेल, आणि माझी रविवारची सुट्टी गुरुवारी करून द्यायला त्या तयार आहेत, कारण रविवारी वसतिगृहातल्या मुलांचे पालक येतात तेव्हा कुणीतरी लागतंच. पहिली गाडी सकाळी सातची. दहाला इथे, तीनच्या गाडीने परत. जमेल.

दुपारी एकटीच सात नंबरच्या खोलीत जाऊन आले. स्वतःचं तिकीट काढून, त्यामुळे वहीत काही लिहावं लागलं नाही. बाकावर बसून राहिले. शेजारी कुणी डाव्या कोपऱ्याकडे बघत नव्हतं. दोन मैत्रिणी आल्या, एक म्हणाली येतोय, दुसरी म्हणाली वेडी आहेस का, बूट बघ. मी म्हटलं, जातोय हो. दोघी दचकल्या. मला वाटतं मी जरा मोठ्याने बोलले.

तो सही करणार नाही. त्याच्या घरात पिवळे पडदे आहेत, चांगली बायको आहे, आणि दर गुरुवारी माझं नाव त्या घरात यावं असं त्याला का वाटावं? मी त्याच्या जागी असते तर केली नसती. तो आधी दोन दिवस उत्तर देणार नाही. मग एक ओळ पाठवेल, त्यात 'समजून घे' असेल. तोपर्यंत आईंच्या उजव्या डोळ्याची कड आणखी थोडी आत आलेली असेल.

अर्ज पाकिटात घातला. सोबत हे लिहिलं, आणि या वेळी फाडलं नाही:

आईंची सही झाली आहे, तुझी राहिली आहे. मी घरापाशी येणार नाही. फोन करणार नाही. तू कसा आहेस ते आईंना विचारणार नाही, हे मला अवघड आहे पण करीन. मला तुझ्याकडून दुसरं काही नको. दर गुरुवारी अकरा ते एक मला आई हव्या आहेत. त्यांना दिसतंय तोपर्यंत, आणि दिसेनासं झाल्यावरही. खाली उजवीकडे जागा आहे. सही कर.